पाहण्याचा रियाज

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा एक मुलगा १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. हात चांगला होता, रेषा पक्की होती. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. तो अंशतः रंगांध होता. चित्रकार होण्याची वाट तिथेच बंद झाली. त्याने रंग सोडले, पेन्सिल मात्र सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. हा मुलगा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी येते. चित्रकलेच्या इतिहासात लक्ष्मणरावांना कुणी जागा देत नाही, आणि ती द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. लोखंडी नांगर घडवायचा तर मातीत शिरणारा फाळ, माती उलथवणारा वक्र पत्रा आणि बैलांची ओढ यांचा मेळ आधी कागदावर घालावा लागतो. एखादी वस्तू समोरून, बाजूने, वरून आणि मधोमध कापल्यावर कशी दिसेल, हे मनात धरून ठेवण्याची सवय चित्रशाळेत लागते. रंग गेले तरी आकार, प्रमाण आणि उजेड-सावलीची जाण लक्ष्मणरावांपाशी उरली होती. लोखंडाने जमीन नासते असं समजणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी तो नांगर उतरवणं हा पुढचा झगडा. नांगर आधी जन्मला तो चित्रकलेच्या एका विद्यार्थ्याच्या रेषेतून.

लक्ष्मणरावांच्या आधीच्या, बेळगावच्या कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली, तेव्हा ते औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव, म्हणजे सगळ्यांचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांनी त्यांना ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. औंध हे जेमतेम बहात्तर गावांचं संस्थान. त्याचे तुकडे आजच्या सातारा-सांगलीत आणि पार विजापूरच्या बाजूपर्यंत विखुरलेले. त्याच्या गादीवर १९०९ साली बसलेला हा राजा स्वतः चित्रकार होता. रंगांध असल्याने चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने उभं केलं, हा योगायोग असेलही. पण त्यानंतर या मुलखात जे घडलं ते पाहता मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. इथे चित्रकला भिंतीवर टांगून ठेवलेली नव्हती. ती लोकांच्या कामात उतरली होती: कारखान्यात, मासिकात, शाळेत, कथेत.

बाळासाहेबांचा जन्म १८६८चा. राज्यकारभार, कीर्तन, सूर्यनमस्कार आणि चित्रं या चार गोष्टी त्यांनी आयुष्यभर सारख्याच निष्ठेने केल्या. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार नेले आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. स्वतः रंगवलेल्या रामकथेतल्या प्रसंगांचं 'चित्ररामायण' त्यांनी १९१६ साली छापून प्रसिद्ध केलं. १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताची अधिकृत आणि सचित्र आवृत्ती काढण्यासाठी त्यांनी एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं जे काम १९६६पर्यंत चाललं, त्याची सुरुवात या आश्वासनातून झाली. आज जगभरचे अभ्यासक ती आवृत्ती वापरतात. मुळात एका राजाला महाभारताची चित्रं हवी होती, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. अजिंठ्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं. आणि १९३८ साली, औंधच्या यमाईच्या डोंगरावर, त्यांनी आयुष्यभर जमवलेली चित्रं आणि शिल्पं लोकांसाठी उघडी केली. तेच श्री भवानी वस्तुसंग्रहालय.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला पोचायला चाळीसेक किलोमीटर. खटाव तालुका, पावसाच्या सावलीतला मुलूख. अशा ठिकाणी राजा रविवर्मांची तैलचित्रं आहेत, धुरंधरांची चित्रं आहेत, राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं आहेत, युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत, आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं पाषाणशिल्पसुद्धा आहे. मूरचं काम पाहायला लोक लंडनला जातात. इथे ते यमाईच्या दर्शनाला आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या आजींना वाटेत पाहायला मिळतं. बाळासाहेबांनी संग्रहालय मुंबई-पुण्यात न उभारता देवीच्या वाटेवर उभारलं, या निर्णयाचं मोल मला त्यातल्या कुठल्याही एका चित्राहून अधिक वाटतं.

औंधला चित्रकारांची ये-जा होती, त्यांतलं सगळ्यांत विलक्षण नाव पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचं. वेदांचे भाष्यकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते मुळात जे. जे.चे विद्यार्थी, उत्तम व्यक्तिचित्रकार. हैदराबाद, मग लाहोर इथे त्यांनी चित्रशाळा चालवली, आणि नंतर औंधला येऊन स्वाध्याय मंडळ उभं केलं. वेदांच्या संहिता शुद्ध छापायच्या म्हणजे प्रत्येक स्वरचिन्ह, प्रत्येक आडवी-उभी रेघ डोळ्यांत तेल घालून तपासायची. चेहऱ्यावरची बारीक छटा टिपणारा डोळाच ते काम करत होता, असं मी मानतो. त्यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतलेले शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, यांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं ते पत्रक पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं, त्यानंतर १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. शंवाकि स्वतः व्यंगचित्रं काढत, मुखपृष्ठांवर मेहनत घेत. पानावर मोकळी जागा किती ठेवायची, मथळा कुठे बसवायचा, डोळा आधी कुठे जाईल, याचा विचार त्या मासिकांत दिसतो. संपादक चित्रकार असला की वाचकाच्या डोळ्यांची काळजी आपसूक घेतली जाते.

आता प्रश्न असा, की जे चित्रकार नाहीत, होणारही नाहीत, त्यांनी या वारशाचं करायचं काय? माझं उत्तर साधं आहे. औंधला जा आणि एकाच चित्रासमोर बसा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, याचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, तीही शेजारची पाटी वाचण्यासकट. आपल्याकडे सहलीच्या रांगेत तेवढीही मिळत नाहीत. याच्या उलट टोकाला हार्वर्डच्या जेनिफर रॉबर्ट्स या कलेतिहासाच्या प्राध्यापक विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसायला लावतात. त्यांनी स्वतः हा प्रयोग अमेरिकन चित्रकार कॉपलीच्या एका चित्रावर केला. त्यात एक मुलगा आहे आणि त्याच्यापाशी साखळीने बांधलेली छोटी खार. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटाकडच्या केसांच्या झालरीचा आकार अगदी एकसारखा आहे, हे दिसायला त्यांना नऊ मिनिटं लागली. चित्र तेच, डोळे तेच. समोर असलेली गोष्ट दिसायला वेळ द्यावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

याचा उपयोग चित्रांपुरता राहत नाही. येल विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन चित्रांचं बारकाईने वर्णन करायला लावलं. नंतर रुग्णांच्या छायाचित्रांतल्या खुणा टिपण्यात ते इतरांपेक्षा सरस ठरले. हा अभ्यासही २००१चाच. मिरज तर १८९४पासून, वॉन्लेस यांच्या रुग्णालयापासून, दवाखान्यांचं गाव आहे. तिथून औंध काही फार लांब नाही. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांची वर्षातून एखादी सहल औंधच्या डोंगरावर गेली तर किती बरं होईल.

पण बसून पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? पहिली युक्ती प्रत्येक चित्रकला शिक्षक वर्गात सांगतो: डोळे किलकिले करा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उरतात ते उजेडाचे आणि काळोखाचे मोठे तुकडे. चित्राचा सांगाडा त्यांत असतो. रविवर्मांच्या तैलचित्राकडे असं पाहिलं, तर शालूची जर, दागिने, नथ सगळं मागे सरतं आणि कळतं की सगळा उजेड चेहऱ्यावर आणि एका हातावर आणून ठेवलाय. बाकी चित्र मुद्दाम दबलेलं आहे. लक्ष्मणरावांच्या रंगांध डोळ्यांनाही हा सांगाडा दिसला असता, कारण उजळ-गडद ओळखायला रंग लागत नाहीत. हल्ली मोबाइलवर चित्राचा किंवा स्वतःच्या खोलीचा फोटो कृष्णधवल करून पाहता येतो. दुकानाचा फलक लांबून का वाचता येत नाही, देवघरातली मूर्ती मागच्या भिंतीत का हरवते, हे एका क्षणात कळतं. बहुधा रंग वेगळे असतात पण उजळपणा सारखाच असतो.

तैलरंगाचं तंत्र लक्षात घेतलं तर रविवर्मांची जर आणखी उलगडते. जर दाखवायला सोनं लागत नाही. मातकट पिवळा, तपकिरी, आणि जिथे उजेड थेट पडतो तिथे फिकट पिवळ्याचा जाडसर ठिपका, एवढ्यात डोळ्याला सोन्याची खात्री पटते. जवळ गेलं की नुसते ठिपके, चार पावलं मागे आलं की काठ झळकायला लागतो. म्हणून तैलचित्रापुढे पुढे-मागे होत राहावं. लघुचित्राचं उलट. त्यापुढे मागे सरकण्यात काही मिळत नाही, ते हातात धरून पाहण्यासाठीच केलेलं असतं. औंधला किरातार्जुनीयावरची लघुचित्रं आहेत. अर्जुन आणि किराताच्या वेषातला शंकर यांची ती झुंज पाहताना नाक काचेला टेकलं तरी हरकत नाही.

लघुचित्रामागची मेहनत कळली की पाहण्याला आदर येतो. एकावर एक कागद खळीने चिकटवून जाड वसली तयार करायची. तिच्यावर आधी रेखाटन, मग पातळ पांढऱ्याचा हात, त्यातून दिसणारी आधीची रेषा पुन्हा पक्की करायची. मग सपाट रंग एकावर एक थरांत. मधूनमधून चित्र गुळगुळीत फरशीवर पालथं घालून पाठीमागून अकीकाच्या खड्याने घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला तुकतुकी येते. सोनं अगदी शेवटी. पापण्या आणि केस काढायची कुंचली खारीच्या शेपटीच्या केसांची. यात घाईला जागाच नाही. एखादं काम पुन्हापुन्हा घोटल्याशिवाय त्याला तजेला येत नाही, हे सुताराला, गवंड्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. आपल्यासारख्या पडद्यावर काम करणाऱ्यांना मात्र ते मुद्दाम पाहायला जावं लागतं.

औंधमधल्या प्रतिकृतींसमोरून लोक पुढे सरकतात. खरं चित्र इटलीत, हे तर नुसतं उतरवलेलं, मग काय पाहायचं? मला हा तिटकारा अन्यायाचा वाटतो. चित्र शिकण्याचा सगळ्यांत जुना मार्ग दुसऱ्याचं चित्र उतरवण्याचा आहे. अजिंठ्याची चित्रं जगाला कळली तीच मुळी प्रतिकृतींमुळे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.चे विद्यार्थी घेऊन पुन्हा काम केलं, त्यातलाही मोठा भाग लंडनमधल्या आगीत गेला. तरी त्या विद्यार्थ्यांच्या हातात अजिंठ्याची रेषा उतरली ती उतरलीच. पुढे बाळासाहेब स्वतः अजिंठ्याच्या मागे लागले ते याच परंपरेतून. व्हॅन गॉगने १८८९-९०मध्ये, मनोरुग्णालयात असताना, मिले या चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रं उतरवली. पुढ्यात होते कृष्णधवल छाप, रंग त्याने आपले घातले. पेरणी, कापणी, दुपारची विश्रांती. ती चित्रं आज व्हॅन गॉगची म्हणूनच ओळखली जातात.

तेव्हा घरात दिनदर्शिकेवरचं, पुस्तकातलं, आवडीचं एखादं चित्र घ्यावं आणि पेन्सिलीने उतरवावं. चांगलं येण्याची गरज नाही. हात कुठे अडतो तिकडे लक्ष द्यावं, कारण हात अडतो तिथेच डोळ्याने चूक केलेली असते. आपल्याला वाटतं कोपर कमरेशी आहे, चित्रात ते बरगडीशी असतं. एकदा हे कळलं की रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं कोपर दिसायला लागतं.

रंगाकडे वळलं की सांगली जिल्हा पुढे येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती साठवण्याची जुनी रीत आहे. हळद रंगकलेचा एक मोठा धडा शिकवते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतलं द्रव्य त्याच्या संपर्कात रंग पालटतं. हळदीवर क्षारांची प्रक्रिया करून पारंपरिक कुंकू बनतं ते याच गुणावर. म्हणजे सवाष्णीच्या करंड्यातले दोन्ही रंग एकाच कंदातले. पण हळदीत रंगवलेलं कापड उन्हात टाकलं की काही दिवसांत फिकं पडतं. हा विरघळून धाग्यात मुरणारा वनस्पतिज रंग, उजेडाने त्याचे रेणू मोडतात. अजिंठ्याचे रंग दीड हजार वर्षं टिकले कारण ते बहुतेक खनिज: तांबडा आणि पिवळा गेरू म्हणजे लोहाची संयुगं, हिरवी माती, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. काळ्यासाठी दिव्याची काजळी. गेरूला ऊन काही करू शकत नाही. तो आधीच लाखो वर्षं उन्हात पडलेला असतो.

रंग एकटा कधीच दिसत नाही, हा दुसरा धडा. पॅरिसच्या गोबेलिन या सरकारी गालिचा-कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा नीट काळा निघत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, त्यात काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते. यातून त्यांनी शेजारशेजारच्या रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम १८३९च्या ग्रंथात मांडला आणि पुढच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकारांनी तो उचलला. मिरज-तासगावच्या रस्त्यावर द्राक्षबागांच्या हिरव्याशेजारी उघडी पडलेली तांबूस माती जास्तच तांबडी दिसते, ती याच नियमाने. पैठणीचे काठ-पदर ठरवणाऱ्या विणकरांना हे शेव्रलच्या किती आधीपासून ठाऊक होतं! घराची भिंत रंगवताना रंगाचं छोटं पान बघून डबा आणू नये, आधी तो रंग पडद्याशेजारी आणि फरशीशेजारी धरून पाहावा. दुकानातला रंग घरात वेगळा निघतो, कारण शेजार बदललेला असतो.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर वाईला जायला हवं. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेच्या घाटाला लागून. मेणवली हे गाव १७६८ साली नानांना मिळालं ते औंधच्याच पंतप्रतिनिधी घराण्याकडून. त्या वाड्याच्या भिंतींवर चित्रं आहेत, तशीच वाईच्या मोतीबागेत रास्त्यांच्या वाड्यातही. युरोपातल्या खऱ्या भित्तिचित्रात चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून तिथला चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा सकाळी लावून घेतो. आपल्या मराठा वाड्यांतली चित्रं बहुतांशी कोरड्या गिलाव्यावर, रंगात डिंकासारखं बंधनद्रव्य मिसळून केलेली. चित्रकाराला सवड मिळते, बारीक काम करता येतं, पण रंग भिंतीच्या पृष्ठभागावरच राहतो. ओल शिरली, भिंतीतले क्षार बाहेर आले की पापुद्रे सुटतात. घाटमाथ्याजवळच्या वाईच्या पावसात ही चित्रं अडीचशे वर्षांच्या आसपास टिकून आहेत, हे आश्चर्यच.

आणि ती गेली तर पावसाने कमी आणि आपल्या हाताने जास्त जातील. सणासुदीला, लग्नकार्याला जुन्या वाड्यांना चुना मारला जातो, वर्षावर्षाने थर चढतात आणि खालचा गणपती, खालचे दशावतार दिसेनासे होतात. ज्यांच्या घरात अशी भिंत आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तिला ओल्या फडक्याने पुसू नका, वॉर्निश लावू नका, स्थानिक रंगाऱ्याकडून रेषा गडद करून घेऊ नका. आधी फोटो काढून ठेवा आणि संवर्धन शिकलेल्या माणसाला दाखवा. तोवर काहीच न करणं हीच मोठी सेवा.

कोरड्या खटाव-माणकडे परत येऊ. तिथे सुगीनंतर शेताच्या कडेला कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१मध्ये आपल्या घराजवळच्या धान्याच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. विषय काहीच नाही, शेतातली गंज. सकाळी, दुपारी, धुक्यात, बर्फात, मावळतीला. त्याने गंज रंगवली नाही, गंजीवरचा वेळ रंगवला. सावली काळी नसते, हे मी पहिल्यांदा त्या चित्रांच्या छापील पानांवरून शिकलो, आणि मग माणदेशातल्या संध्याकाळी गंजीच्या सावलीत निळा-जांभळा खरोखरच दिसला. त्याच खिडकीतून, त्याच झाडाकडे, दिवसातून तीन वेगळ्या वेळी पाहून सावलीचा रंग एका ओळीत लिहून ठेवला, तरी महिनाभरात डोळा बदलतो. यासाठी फ्रान्सला जावं लागत नाही, रंगपेटीही लागत नाही.

आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा होतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही नावं इथल्या निम्म्या घरांत माहीत आहेत. दहावीला गुण वाढतात म्हणून मुलं बसतात आणि मग वही बंद होते. त्यातल्या स्मरणचित्राची मला फार किंमत वाटते. बाजार, बसस्थानक, पंगत असा विषय देतात आणि आठवून काढायला सांगतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने सगळं शिक्षणच आठवणीतून चित्र काढण्यावर उभं केलं होतं. विद्यार्थ्यांनी वस्तू नीट पाहायची, मग ती समोरून काढून घ्यायची, मग रेखाटायचं. शिल्पकार रोदँ त्याच शाळेचा. समोर वस्तू असताना आपण डोळ्यावर विसंबतो. ती गेल्यावरच कळतं की आपण काय पाहिलं होतं आणि काय नुसतं गृहीत धरलं होतं.

हे कौशल्य शब्दांत उतरलं की काय होतं, त्याचं उत्तर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळने दिलंय. तोही औंध संस्थानचाच मुलूख. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी कोल्हापुरात चित्रकला शिकले. पुढे लेखक झाले तरी रेखाटन सुटलं नाही, रानावनात भटकताना पाखरं, प्राणी, झाडं ते काढत राहिले. १९४९च्या 'माणदेशी माणसं' आणि १९५५च्या 'बनगरवाडी'मध्ये माणसांचं वर्णन पाल्हाळ न लावता येतं. पागोटं कसं बांधलंय, काठी कुठे टेकवलीय, माणूस बसताना कुठल्या पायावर भार देतो, अशा तीनचार रेषांत माणूस उभा राहतो. ही चित्रकाराची निवड आहे. कागदावर काय काढायचं नाही, हे ठरवता आलं की चित्र जमतं, आणि त्यांच्या वाक्यांत ते जागोजागी दिसतं. त्यांचे थोरले बंधू गदिमा यांनी आटपाडीच्या स्वतंत्रपूर इथल्या, औंध संस्थानातल्या कैद्यांच्या खुल्या वसाहतीवर आधारलेली 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा चित्रपट केला. शांताराम घडले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, आणि बाबूराव तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आलेले. पडद्यावरच्या उजेड-काळोखाचा वंश असा रंगवलेल्या पडद्यांपर्यंत मागे जातो.

यांतल्या मुख्य जागा दोन दिवसांत पाहून होतात. पहिल्या दिवशी सकाळी वाई आणि मेणवली, दुपारी साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर. ती शाहूकाळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. तिच्या दगडातल्या शिल्पांचे आकार तिरप्या उन्हात सर्वांत चांगले दिसतात, तेव्हा चार वाजायच्या आधी उतरू नये. दुसरा दिवस पूर्ण औंधला द्यावा. जाण्याआधी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा. आत गेल्यावर सगळी दालनं एकदा झरझर फिरून यावी, मग पाय जिथे अडखळले त्या एकाच चित्रापाशी परत जावं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना वही-पेन्सिल द्यावी आणि चित्रात काय दिसतं ते विचारत बसू नये. त्यांना चित्रातला फक्त एक हात काढायला सांगावा, किंवा फक्त घोड्याचा पाय. तेवढ्यात अर्धा तास जातो, आणि मोठ्यांनीही तो अर्धा तास दुसरी पेन्सिल घेऊन शेजारी बसावं.